थोरल्या काकांच्या घरची लाइन

थोरल्या काकांच्या टीव्हीमागची केबल मी माझ्या हातांनी काढली. मला कोणी काढायला सांगितलं नव्हतं. उलट अशी लाइन काढायची नाही, हे बाबांनी मला लहानपणापासून बजावलं होतं.

आमचा धंदा केबलचा. दिवेआगरच्या अलीकडे समुद्राला लागून आमचं गाव, एकच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या. बाबांनी गावात केबल आणली तेव्हा वायर न्यायला खांब नव्हते. मग बाबा वाडीवाडीत जाऊन हात जोडून उभे राहिले आणि लोकांनी झाडं दिली. या माडावरून त्या पोफळीवर, तिथून पुढच्या वाडीत, अशी वायर गावभर गेली. बदल्यात बाबांनी शब्द दिला की ज्याच्या झाडावरून लाइन गेली, त्याच्या घरचा टीव्ही कायम फुकट चालेल. हा शब्द कुठे लिहून ठेवलेला नाही. पण वाडीतला म्हातारा जाऊन मुलगा आला, तरी तो पाळला गेला.

आमच्या मागच्या खोलीतून गावाचा म्हणून एक चॅनल चालतो. त्यावर देवळातला उत्सव, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग असं काहीबाही असतं. लोक बघतात ती मात्र खालची पट्टी. नळाला पाणी कधी येणार, दाताचा डॉक्टर कधी बसणार, कुणाची गाय हरवली, आणि कोण गेलं. मी नववीत असल्यापासून ही पट्टी टाइप करते. अर्धं गाव मी पोचवलंय, असं मी थट्टेने म्हणायची. आता म्हणत नाही.

पट्टीचा एक उपयोग कोणी बोलून दाखवत नसे. ज्या दोन घरांत बोलणं नाही, तिथे मयताचा निरोप न्यायचा कोणी? पाठवला तर पाठवणाऱ्याला कमीपणा, न पाठवावा तर रक्ताचं माणूस. पट्टीने हा पेच सोडवला. पट्टी लागली की समोरच्या घराने ती वाचायची आणि पंचा खांद्यावर टाकून निघायचं. कोणी बोलावलं नाही, कोणी बिनबोलावता आलं नाही. दोन्हीकडची मान ताठ राहते. आमच्याकडे माणसं मानेला फार जपतात, गुडघे गेले तरी चालतात.

थोरले काका आणि धाकटे काका सख्खे भाऊ. आमचे नातेवाईक नव्हेत, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. वाडीच्या वाटणीत विहीर एकाच्या बाजूला आली, पंप दुसऱ्याने बसवला, त्यावरून काहीतरी बोलणं झालं आणि पुढची वीस वर्षं झालंच नाही. दोघं एकाच रस्त्यावर राहायचे. देवळात एक आला की दुसरा घंटा न वाजवता बाहेर पडायचा.

थोरल्या काकूंच्या मागे थोरले काका एकटेच राहिले. दुपारचा डबा गावातल्या एका खानावळीतून यायचा, तो डबेवाली फाटकाच्या खुंटीला अडकवून जायची. ऐकू कमी यायचं. त्यांच्या पुण्याच्या मुलाने फायबरचं नेट बसवून दिलं आणि टीव्हीला लावायची ती इंटरनेटची कांडी कुरिअरने पाठवली. बाबांना शिडी चढवत नाही म्हणून आता बाहेरची कामं मी बघते. त्यामुळे मुलाने मला फोन केला, "ताई, तेवढं जोडून द्या."

जोडण्यात अवघड काही नाही. कांडी टीव्हीच्या मागे खोचायची, तिचा चार्जर वेगळा लावायचा, वायफायचा पासवर्ड घालायचा. मग ती पाऊण तास स्वतःलाच अपडेट करत बसली. पुढे पडद्यावर एक कोड आला, तो मोबाइलवर घालायचा होता आणि काकांचा मोबाइल बटणांचा. मग मी पुण्याला फोन लावून एकेक अक्षर वाचलं आणि मुलाने तिकडून घातलं. शेवटी रिमोटला बोलून सांगता येतं हे मी काकांना दाखवलं. त्यांनी रिमोट दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "कृपया एखादं जुनं विनोदी नाटक लावावे." लागलं. काका इतके खुलले की मलाही बरं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर आपला गावचा च्यानल दिसतो काय गो?"

"गावाचा कसा दिसेल काका? तो केबलवर."

"मग पट्टी?"

"पट्टीत काय असतं हो? पाणी येणार आणि डॉक्टर येणार. कोणाचं काही झालं तर कळतंच की."

खरं सांगायचं तर त्यांच्या वाडीतली लाइन मला नकोशी झाली होती. काही वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांची निम्मी झाडं पडली होती. उरलेल्या माडांवरून आणि मध्ये बांबू रोवून आम्ही ती कशीबशी पुन्हा ओढली होती. वारा सुटला की तुटायची आणि एका घरासाठी मला चिखलात उतरावं लागायचं. आता त्यांना नेट मिळालं आहे, दोन-दोन हवंय कशाला, असं मीच ठरवलं. सेटटॉप बॉक्स पिशवीत टाकला, वायर गुंडाळून स्कूटरवर ठेवली आणि पुढे दुसरीकडे वापरली. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला तसंच परत पाठवलं असतं.

पुढे तीन-चार महिन्यांनी एका सकाळी धाकट्या काकांच्या मुलीचा फोन आला. काका पहाटे गेले होते. बरेच दिवस अंथरुणाला होते, त्यामुळे धक्का असा नव्हता. ती म्हणाली, "पट्टी लाव. साडेदहाला उचलायचं." मग तिने मजकूर सांगितला. मागे पत्नी, दोन मुली, आणि त्यांच्या आधी थोरल्या बंधूंचं नाव. मी विचारलं, "हे नाव घालायचं ना नक्की?" ती म्हणाली, "बाबांनीच सांगून ठेवलंय. पहिलं घाल." मी ते टाइप केलं. डोळे भरून आले माझे. वीस वर्षांनी का होईना, एकाने हात पुढे केला, आणि तो माझ्या पट्टीतून केला, याचा अभिमान वाटला. ती पट्टी ज्याच्यासाठी होती त्याच्या घरी ती पोचूच शकणार नाही असं मीच करून ठेवलं आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे मी कितीदा आठवून बघितलंय. खरंच आलं नाही.

दुपारी बाबा समुद्रावरच्या स्मशानातून परत आले, मागच्या दारी आंघोळ केली आणि ओल्या अंगानेच ओट्यावर बसले. "थोरला आला न्हाय," ते म्हणाले. "आम्ही त्याच्या फाटकावरून नेलं. सगळे हळू झाले, म्हटलं आता तरी बाहेर येईल. आत टीव्ही चालू होता. मोठ्याने. माणसं हसत होती टीव्हीत." बाबा कोणाला सहसा वाईट बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "माणूस न्हाय तो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हातातली परात मी खाली ठेवली आणि आत गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. बोलायचं म्हणजे वायर काढल्याचं सांगायचं, बाबांचा शब्द मी मोडला हे सांगायचं. उद्या सांगू असं म्हणत मी तीन दिवस काढले. त्या तीन दिवसांत गावाने थोरल्या काकांना वाळीत टाकल्यातच जमा केलं. कोणी त्यांच्या फाटकाशी थांबेना. डबेवाली डबा अडकवून न बोलता निघून जायची. भाऊ गेल्याचं त्यांना सांगायचं कोणाला सुचलं नाही, कारण त्यांना माहीत आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांच्याकडे सुपारी काढायला गडी आला. पोफळीवरून उतरल्यावर त्याला राहवलं नाही. "काका, तुमचं काय बी असो, सख्खा भाव व्हता. पट्टी वाचूनशान बी गेला न्हाय तुमी?" काकांनी त्याला पुन्हा बोलायला लावलं, तेव्हा त्यांना पुरतं ऐकू आलं. गडी सांगत होता की काका तसेच कपड्यांनिशी विहिरीवर गेले, अंगावर घागर ओतली आणि तिथेच बसून राहिले. सुतकाचे उरलेले दिवस त्यांनी पाळले. तेही गावाला आधी ढोंगच वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी लावली होतीस?"

"हो."

"काय होतं तिच्यात?"

मी सगळं सांगितलं. त्यांचं नाव पहिलं होतं, ते कोणी घालायला सांगितलं, तेही. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. अशी गोष्ट ओरडून सांगावी लागते, याच्यासारखी शिक्षा नाही. टीव्ही बंद होता, त्याच्यावर पंचा टाकलेला होता.

"तिकडे जाऊन सांग," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं एवढंच सांग. माझ्या तोंडून कोणाला पटायचं?"

आधी मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पट्टीच्या खोलीत फॅन पुसत होते. त्यांनी फडकं ठेवलं. "वायर काढलीस ती काढलीस," ते म्हणाले. "चार दिवस गप्प बसलीस, ते काय म्हणून?" मग ते चपला घालून बाहेर पडले. गावात कोणाकोणाला भेटले ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी डबेवाली थोरल्या काकांच्या पडवीपर्यंत गेली.

धीर करून मी धाकट्या काकूंकडे गेले तोवर सातवा दिवस उजाडला होता. त्या खालीच चटईवर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं, कारण बसले असते तर तोंडातून निघालं नसतं. लाइन मी काढली, पट्टी थोरल्या काकांना दिसली नाही, टीव्हीचा आवाज त्यांना ऐकू येत नाही म्हणून मोठा असतो, ते असे नाहीत. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

"बस," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आम्ही थांबलो होतो गो."

मला कळलं नाही.

"साडेदहाला काढायचं ठरलं होतं. हिनं भटजींना सांगितलं, मुंबईची माणसं वाटेत आहेत. मुंबईची कोणी नव्हतीच वाटेत. सगळी आली होती. मग म्हटलं तुळस राहिली. मग म्हटलं पंचा सापडत नाही. बारा वाजले. पुढे ओहोटी लागेल, ओहोटीत अग्नी देत नाहीत, म्हणून लोक घाई करायला लागले, तेव्हा उचललं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ह्यांनी सांगितलं होतं, दादा आल्याशिवाय नेऊ नका. तेवढं एक मागितलं होतं माझ्याकडे. ते पण मला जमलं नाही."

मी तिथे बसून रडले, जिथे रडायचा मला काहीच हक्क नव्हता. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला सहन झाला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "भावोजींना म्हणावं, आमच्या मनात काही नाही. तेराव्याला यावं." हा निरोप घेऊन मी लगेच निघाले. निदान हे तरी मी पोचवणार होते, तोंडाने, स्वतः जाऊन.

थोरले काका पडवीतच होते. मी त्यांच्या कानाशी बसून सांगितलं. तेराव्याला बोलावलंय हे ऐकून त्यांनी मान हलवली. मग थांबल्याचं सांगितलं. ते सांगू नये असं एकदा वाटलं होतं, पण लपवायचं माझ्यात आता काही उरलं नव्हतं.

"किती वेळ थांबले?" त्यांनी विचारलं.

"दीड तास."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. फाटकाच्या पलीकडे, वळणावर, धाकट्या काकांच्या घराची कौलं दिसत होती. पूर्वी झाडांआड ती दिसत नसत.

"दहा मिनिटांची वाट गो ती," काका म्हणाले. "काठी घेऊनसुद्धा दहाच."