मोहाच्या महिन्यातला सत्कार

पुनाराम सुधारला असं कोणी म्हणालं की मी हळूच विषय बदलतो. तो माझा भाऊजी, मोठ्या बहिणीचा नवरा, आणि भाऊजीबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये इतकी अक्कल मला आहे. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, हे मी त्याच्याच संसारात पाहिलं. आम्ही जातीनं कोहळी. तळी बांधावीत, पाणी अडवावं ते आमच्या लोकांनी, असं सगळा मुलूख म्हणतो. या गड्याला मात्र स्वतःचा घसा अडवता येत नव्हता.

कोहमाऱ्याच्या नाक्यावर एका ढाब्यात तो स्वयंपाक करायचा. ट्रकवाले त्याच्या हातची डाळ मागून खायचे आणि जाताना त्याला पाजून जायचे. घरी आला की जमुनाबाई, म्हणजे माझी बहीण, तिला मी बाईच म्हणतो, विचारायची, पेले का? तो म्हणायचा, नाही. पोरांच्या गळ्याची शपथ घेऊन नाही म्हणायचा, देवीपुढे नारळ ठेवून नाही म्हणायचा. एकदा तर उंबऱ्यात आडवा पडून, डोळेही न उघडता नाही म्हणाला होता.

१९९९ साली त्याला काविळीनं धरलं. दवाखान्यातून सुटल्यावर बाईनं आणि मी मिळून त्याला कुडव्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पळाला तर पकडायचं काम माझ्याकडे. तो पळाला नाही. मला तेच खटकलं. घरी सोडायची वेळ आली तेव्हा तर म्हणाला, मी इथंच राहतो, तुमच्या स्वयंपाकघरात लागतो. मी बाईला म्हटलं, यात काहीतरी गोम आहे. ती म्हणाली, असंल.

भाजी चिरता चिरता तो नव्या रुग्णांशी बोलत बसायचा. केंद्र चालवणाऱ्या योगेश्वरी मॅडमनी ते पाहिलं, त्याला नागपूरला शिकायला पाठवलं, आणि दोनेक वर्षांत आमचा आचारी समुपदेशक झाला. बाई पोरांना घेऊन कुडव्यातच खोली करून राहू लागली.

त्याची पद्धत ऐकून भली माणसं दुखावत. रुग्ण घरी निघाला की बाकीचे समुपदेशक नातेवाइकांना सांगत, आता याच्यावर विश्वास ठेवा. पुनाराम सांगायचा, मुळीच ठेवू नका. घरातल्या एकानं रोज संध्याकाळी याचं तोंड हुंगायचं. विचारायचं नाही, भांडायचं नाही, रडायचं नाही. हुंगायचं आणि जेवायला वाढायचं. दारुड्याची जीभ खोटं बोलते, वासाला खोटं बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कितीतरी बायका आधी लाजल्या, मग शिकल्या. त्याच्या स्वतःच्या घरी हे काम बाईकडे होतं. तो दारात यायचा, चपला काढायचा, मान पुढं करायचा. ती हुंगायची आणि ताट घ्यायची. हुंगणं सुरू झाल्यापासून तिनं त्याला एकदाही ‘पेले का’ असं विचारलं नाही. मीही संधी सोडत नसे. पंक्चर काढताना काहीतरी निमित्त करून त्याला जवळ वाकायला लावायचो. त्याला कळत होतं, तो वाकायचा.

फक्त मोहाच्या महिन्यात ते दोघं त्याच्या गावी जात नसत. त्याचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला. ज्यांची दारू काढतात ती मोहाची फुलं पडू लागली की प्रत्येक अंगणात वाळवण असतं. कपड्यांना, केसांना, जेवणालासुद्धा तोच वास. कोरडा माणूसही तिथं प्यायलेला वाटतो. मग हुंगून काय कळणार? म्हणून लग्न असो की तेरवी, त्या दिवसांत बाई गावाचं नाव काढू द्यायची नाही.

२०१० मध्ये गोंदियाच्या एका संस्थेनं व्यसनमुक्तीत चांगलं काम करणाऱ्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मॅडमनी पुनारामचं नाव दिलं. संस्थेचे लोक चौकशीला आले, त्यांनी विचारलं, आजवर किती जणांना सोडवलंत? हा म्हणाला, एकालाही नाही. सुटत कोणी नाही, आज प्यायला नाही एवढंच. पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले. मला वाटलं, गेला पुरस्कार, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. दारुड्याला प्यायला दुःख झालं तरी निमित्त पुरतं आणि आनंद झाला तरी पुरतं. पण पुरस्कार मिळाला, आणि समारंभ नेमका मोहाच्या महिन्यात आला.

बातमी गावात पोचली. सरपंच छोटेलाल जीप घेऊन कुडव्याला हजर. आपल्या गावचा माणूस, तेव्हा सकाळी आधी गावात मिरवणूक, मग सगळ्यांनी मिळून गोंदियाला. बाई सरळ नाही म्हणाली.

"काऊन नाही?" सरपंच म्हणाला. "गावानं मान देऊ नये का, वहिनी?"

पुनाराम म्हणाला, एका सकाळचा तर प्रश्न आहे. मला तेही खटकलं. बाई मला म्हणाली, तू सोबत जा, मी सभागृहातच येते.

गावानं काही वाईट मनानं केलं नाही. बायकांनी ओवाळलं, वाजंत्री लावली, अंगणातली वाळवणं बाजूला सारून माणसं उभी राहिली. पण दारू सोडलेल्या माणसाची मिरवणूक मोहफुलांच्या वासातून काढावी, हे फक्त आमच्याकडेच सुचू शकतं. त्या गर्दीत तो माझ्या नजरेआडून गेला. शोधत निघालो तर हा सुकरामच्या परसातून बाहेर येत होता. सुकराम त्याचा जुना सोबती, मोहाची दारू काढतो. पुनारामनं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसला. मी त्याला अगदी चिकटून बसलो. वास येत होता. पण तो माझ्या सदऱ्यालाही येत होता, आणि मागच्या सीटखाली तर फुलांचं पोतंच होतं.

सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बाई नवं लुगडं नेसून उभी होती. मी उतरल्या उतरल्या सुकरामचं नाव सांगून टाकलं. सांगायलाच हवं होतं, त्यासाठीच तर मला पाठवलं होतं. पुनाराम नेहमीसारखा तिच्यापुढं आला आणि मान पुढं केली. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग वळून माझं तोंड हुंगलं, तर तिथंही मोहाचाच वास. आत निवेदक त्याची ओळख करून देत होता. केंद्रातले जुने रुग्ण बायकापोरांसह पुढच्या ओळींत बसले होते. हा प्यायलेला निघाला तर त्यांच्यापैकी किती जण संध्याकाळी बाटलीकडे वळतील, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

"पेले का तुमी?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांनी तिनं विचारलं होतं. आता तो नाही म्हणेल, याची मला खात्री होती.

"सुकरामनं गिलास देला," तो म्हणाला. "मी घेतला. तोंडापासी नेला. मंग खाली ठेवला. ठेवला, जमुना. पण मले आताबी पाह्यजे."

 त्याच्या तोंडून 'नाही' मी शेकडो वेळा ऐकलं असेल. हे असलं कधीच ऐकलं नव्हतं. मला त्याची दया आली, आणि बहिणीच्या संसाराची माती करणाऱ्या या माणसावर पहिल्यांदाच माया वाटली. बाई मात्र रडली नाही की रागावली नाही. तिनं त्याचं मनगट पकडलं आणि ती त्याला घेऊन थेट मंचावर चढली.

मंचावर तिच्यासाठी खुर्ची नव्हती. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. तो सगळं एकाच हातानं घेत होता. निवेदक तिच्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला, ताई, आपण खाली बसा ना. त्याच्या हातातला माईक चालूच होता.

"हात सोडला तं हे पेयाले जातीन," बाई म्हणाली.

सभागृह हसलं. मॅडमनी मान खाली घातली. पुढच्या ओळींतलं मात्र कोणी हसत नव्हतं. पुनाराम माईककडे वाकला.

"खरं सांगून राहिली," तो म्हणाला.