बघायला आले तेव्हा चूल थंड

अप्पांची पोटदुखी बरी झाली आणि माझ्या नशिबाचं दुखणं सुरू झालं. कुणा निसर्गोपचारवाल्याचं पत्रक वाचून त्यांनी मीठ, मिरची, साखर, कॉफी सगळं सोडलं. सहा महिन्यांत पोट शांत. झालं! देवाने दिलेल्या अन्नाला विस्तव लावणं हेच पाप, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या दोन खोल्यांत तोच कायदा लागू झाला. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी किसलेलं गाजर, काकडी, ओलं खोबरं, रात्री केळी. शेजारून सांबाराच्या फोडणीचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची, नाहीतर रडूच यायचं. अम्मा मात्र निमूट. "त्यांच्या पोटाला बरं वाटतंय ना, मग गप बस," एवढंच म्हणायची.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण मला बघायला येणार असं ठरलं. मुलगा आमच्यातलाच, तंजावरकडचा, शाळेत गणित शिकवायचा. एका लग्नात मी त्याला आधीच पाहिलं होतं. वाढणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरतोय हे बघून पानावरून उठून त्याच्या हातातलं भांडं घेणारा सगळ्या पंगतीत तो एकटाच. मला तो आवडला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मद्रासेत मुलगी बघायला आले की सोज्जी-बज्जी हवीच, म्हणजे शिरा आणि भजी, आणि वर कडक कॉफी. घरात मराठी बोलत असलो तरी हा रिवाज आम्हीही पाळायचो. चार दिवस मी अप्पांच्या मागे लागले. अम्मानेही एकदा तोंड उघडून पाहिलं.

"आपण खातो तेच पाहुण्यांना. ढोंग कशाला?" अप्पा म्हणाले. विषय संपला.

ते आले. पितळी ताटात मूग, खोबरं, खजूर, केळी, आणि पेल्यात नारळपाणी. मुलगा बिचारा मुकाट्याने मूग चावत होता. त्याची आई ताटाकडे नुसती बघत राहिली. मग हात धुवायचं निमित्त करून आत आली. चूल सारवलेली, थंड, चिमूटभर राखसुद्धा नाही. तिने अम्माला हळू आवाजात विचारलं, "घरात कुणी गेलंय का हो?"

माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही, हे तिलाही माहीत, आम्हालाही. आणि आज मुलगी दाखवायचा दिवस! अम्मा अशी कावरीबावरी झाली की तिच्या तोंडून 'नाही' निघायलाही वेळ लागला. बाहेर अप्पा मुलाच्या वडिलांना आतड्यांचं कार्य समजावून सांगत होते. वाटलं, धावत बाहेर जावं आणि सांगावं, मला सगळं रांधता येतं हो, चूल तरी पेटवू द्या कुणीतरी! पण बघायला आले असताना मुलीने तोंड उघडायचं नसतं. मी मान खाली घालून बसले, रागाने नुसती जळत.

आठवड्याने पत्र आलं. पत्रिका जुळत नाही म्हणे. अहो, पत्रिका आधी जुळली म्हणून तर आले होते!

अप्पांनी पत्राची घडी केली. "बरं झालं. जिभेचे गुलाम सगळे," म्हणाले. तेवढ्यात त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. "का गं, तुला पसंत होता का तो?"

"हो," मी म्हणाले. "फार."

अप्पांनी घडी केलेलं पत्र पुन्हा उघडलं. "मग आधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी?" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदाच मी अप्पांवर ओरडले होते, आणि तेही सगळं संपल्यावर.