ग्रामसभेतलं गाऱ्हाणं

मालगुंडाच्या वाटेवरच्या त्या गावात आत्मारामला सगळे भांडकुदळ म्हणायचे, आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची. शाळा सातवीतच सुटली, पण पंचायतीचे कायदे त्याने चहाच्या टपरीवर बसून वाचले, तोंडपाठ केले. पूर्वी ग्रामसभा देवळात भरायची. मानकरी आत, आत्मारामच्या वाडीची माणसं बाहेर पायरीवर. "सभा सरकारची हाय, देवाची नाय!" असं बोंबलत त्याने ती सभा पंचायतीच्या हॉलमध्ये खेचून आणली. तेव्हापासून सरपंच धोंडूसुद्धा त्याला वचकून असायचा.

पण धोंडू पक्का. हॉलमधल्या पहिल्याच सभेला त्याने नारळ आत्मारामच्याच हातात ठेवला. "आवाज तुझा खणखणीत. तूच घाल गाऱ्हाणं."

वाडीला कधी न मिळालेला मान. कोण सोडतो? मग दर सभेआधी आत्माराम देवाला साद घालून मागणं मागायचा आणि ओळीओळीला अख्खा हॉल म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" देवळातून बाहेर काढलेल्या सभेत आपणच देऊळ आणून बसवलं, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात शिरलं नाही.

गावात ख्रिस्ती घर एकच. पास्कू मिस्त्री, त्याची बायको आणि आरोग्य उपकेंद्रात नर्स असलेली मुलगी नम्रता. म्हातारा खाटेला खिळलेला. त्याचं एकच मागणं, "मला हितंच पुरा." त्यासाठी गायरानाच्या कडेला दफनाची जागा मिळावी, हा विषय नम्रताने सभेपुढे आणला होता.

गाऱ्हाणं सुरू झालं. नम्रता सगळ्यांबरोबर उभी राहिली, पण 'व्हय' म्हणाली नाही.

"सिस्टर, दाढ दुखते काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

लोक हसले, तसा आत्मारामला चेव आला. "आनि जो कोन व्हय म्हननार नाय, त्याचा हात वर गेला तरी कुनाला दिसू देऊ नको!"

"व्हय म्हाराजाऽ!" टाळ्याच टाळ्या.

विषय आला. बोलायला म्हणून नम्रताने हात वर केला. धोंडू पंख्याकडे बघत म्हणाला, "कुनाचा हात? मला तर कायच दिसत नाय." पुन्हा हशा.

ती आत्मारामकडे वळली. "काका, तुम्हाला दिसतोय ना?"

ह्याच हाताने त्याच्या पायाची चिघळलेली जखम महिनाभर धुतली होती. दिसत होता. चांगला दिसत होता. आत्माराम नारळाची शेंडी पिळत बसला. विषय पुढच्या सभेवर गेला.

पास्कू मिस्त्री काही पुढच्या सभेपर्यंत थांबला नाही. दुसरी गाडी मिळेना, म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो आला. म्हाताऱ्याला घेऊन तो शहरातल्या दफनभूमीकडे निघाला तेव्हाही मागून बर्फाचं पाणी गळत होतं. आत्माराम नाक्यावर उभा. नम्रताने शिवी हासडली असती, तर त्याने दोन परत दिल्या असत्या आणि फिटंफाट झाली असती. तिने नुसती मान हलवून ओळख दिली. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पुढच्या सभेला धोंडूने नारळ पुढे केला. आत्मारामने हात मागे घेतला.

"गाऱ्हाणं देवळात घालीन. ही सभा सरकारची हाय. आधी नम्रताचा विषय घ्या."

"म्हातारा तर गेला. आता कसला विषय?"

"आई आहे अजून," मागच्या रांगेतून नम्रता म्हणाली.

आत्मारामने हात वर केला. धोंडूने सावकाश पंख्याकडे मान वळवली. "कुनाचा हात, रे?"

तोच हशा. त्यात त्याच्या वाडीचे आवाज त्याला वेगळे ओळखू आले. खांदा भरून आला तरी हात त्याने खाली घेतला नाही. नम्रताकडे बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.