बटाट्याला मारायचं नाही

माझे सासरे ताटावर बसले, पहिला घास घेतला, की म्हणायचे, "मीठ कमी हाय." आमटी असो, पिठलं असो, वाक्य ठरलेलं. लग्न होऊन मी नगरहून कोल्हारला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकून माझं तोंड उतरलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या, "मनावर घिऊ नको. मी आल्यापून मीठ कमीच हाय."

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. मामंजींचा जबडा सुजला, पू झाला, आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. दात तर गेलेच. घरी आले ते निम्मे होऊन. मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, काहीही पुढं केलं तरी मान फिरवायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्यानं तपासायला आणा, आणि तोवर पोटात नीट अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालून ठेवून घेऊ. त्या नळीचा मामंजींनी मोठा धसका घेतला होता, तरी घास उतरेना. आणि मीठ कमी आहे, असंही म्हणेनात. आत्याबाईंना त्याचीच जास्त भीती वाटायची.

एवढंच म्हणायचे, "ती गोरी बाई द्यायची, ते पांढरं आना."

गोरी बाई म्हणजे दवाखान्यातली सिस्टर, फ्रान्सची. ती त्यांच्यासाठी तिच्या देशातलं काहीतरी बटाट्याचं करून आणायची आणि ते मुकाट्यानं खायचे. दवाखान्यातून निघताना आमच्या ह्यांनी तिला कृती विचारून पाठ केली होती. बटाटे उकडायचे, बारीक करायचे, त्यात दूध आणि भरपूर बटर.

झालं! हे बाजारातून पिशवीभर बटर घेऊन आले. बेकरीतले, कडक, गोल, चहात बुडवून खायचे ते. आम्हाला दुसरं बटर माहीतच कुठं होतं? मी शहरातली, चार बुकं शिकलेली, पण मलाही शंका आली नाही. मी बटाटे उकडले, आत्याबाईंनी पाट्यावर घेऊन वरवंट्यानं असे रगडले की त्यांची खळ झाली. पतंग चिकटवावा अशी. त्यात दुधात भिजवलेले बटर कालवले. मामंजींनी जिभेला लावलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

"ह्ये तर म्हशीम्होरं बी ठिवू न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मला असा राग आला! मामंजींचा नाही, बटाट्याचा. जिन्नस मोजून तीन, आणि जमत कसं नाही? माझा स्वभावच असा, एखादी गोष्ट का होत नाही हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन दिवसांनी ह्यांना औषध आणायला नगरला जायचं होतं. म्हटलं, मीही येते.

सिस्टर मराठी शिकली होती, पण लहान-थोर सगळे तिच्यालेखी सारखेच. मला म्हणाली, "बाबा कसा आहे? खातो?" मी सगळं सांगितलं. बेकरीचं नाव काढल्यावर आधी तिचे डोळे मोठे झाले, मग ती स्टुलावर बसून हसायलाच लागली. शब्द सापडेना, तेव्हा दोन्ही मुठी आळीपाळीनं पुढंमागं ओढून दाखवायला लागली. अगदी रवीनं ताक घुसळतात तशी.

"अगंबाई, लोणी!" मी म्हणाले.

"हो, हो! लोणी!"

किती, म्हणून विचारलं तर ओंजळभर बटाटे दाखवले आणि त्याच्या निम्मं लोणी. निम्मं! मग तिनं विचारलं, बटाटा बारीक कसा केला? मी वरवंटा ओढून दाखवला. तिनं माझं मनगटच धरलं. "नाही, नाही. बटाट्याला मारायचं नाही. मारला की तो चिकट होतो. गरम असताना भोकातून दाबायचं. हळू."

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तेच. गरम असताना, भोकातून. राहुरी मागं पडली आणि मी मोठ्यानं ओरडले, "यंत्र!"

"काय विसरलीस दवाखान्यात?" हे दचकून म्हणाले.

माझ्या माहेरून भांड्यांबरोबर पितळी पुरणयंत्र आलं होतं. पहिल्याच होळीला आत्याबाईंनी ते फळीवर चढवलं होतं. पुरण वाटावं ते पाट्यावरच, यंत्रातलं कुणी खात नाही, असा त्यांचा हुकूम. आता त्यांच्यासमोर दोन मागण्या घेऊन उभी राहिले, यंत्र आणि लोणी. लोणी त्यांनी कढवायला साठवलं होतं. किती लागेल ते ऐकून म्हणाल्या, "येवढं? आगं, येवढं तूप मी जावयाला बी वाढत न्हाई." मग स्वतःच उठल्या, फळीवरचं यंत्र काढलं, पदरानं पुसलं, आणि त्या दिवशीच्या ताज्या लोण्याचा गोळाच्या गोळा माझ्यापुढं ठेवला. "घे. मानूस ऱ्हायलं तर लोनी पुन्ना निघंल."

चटके सोसत बटाटे सोलले, वाफा निघत असतानाच यंत्रात घातले आणि दांडी फिरवली. खाली पांढरा, हलका भुगा पडायला लागला. चिकटपणाचं नावही नाही! पातेल्यात घेऊन निखाऱ्यावर जरा कोरडा केला आणि लोणी थोडं थोडं घालत गेले. किती पितो तो बटाटा! घालावं तेवढं गडप. शेवटी गरम दूध. पळी तिरकी केली की सरकन खाली उतरायचं, गुठळी एक नाही. आत्याबाई वाकून वाकून बघत होत्या. "आगं, ह्ये तर पुरनापरीस मऊ झालं," त्या म्हणाल्या. मीठ मी तीनदा चाखून बेताचं घातलं.

मामंजींनी पहिला चमचा घेतला. आम्ही दोघी दाराशी उभ्या. दुसरा घेतला. मग खाली मान घालून खातच राहिले. वाटी बोटानं निपटली, वर बघितलं आणि म्हणाले,

"मीठ कमी हाय."

आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. डोळे घळाघळा वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं. "आलं गं बाई माझं मानूस घरला!" म्हणत मीठ आणायला आत धावल्या.

नळी घालायची वेळ आली नाही. पुढं बरीच वर्षं ते यंत्र फळीवर न जाता चुलीशेजारीच राहिलं. पण त्या दिवशी मीठ बरोबर होतं. मी तीनदा चाखलं होतं.