एकोणीस इसाला तीन कमी

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव वाचून मी आजवर नुसती हसत आले आहे. बाभळीखाली पांढऱ्या साडीतली बाई, मागं वळून पाहिलं तर गायब... अहो, त्या बायांना काही कामधंदे नाहीत का? माझं माहेर कऱ्हाटीचं, बौद्ध घर. नवस, उतारे, अंगात येणं हे सगळं आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी दाराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. वडील शाळामास्तर. काहीही सांगायला जा, त्यांचा एकच प्रश्न – "पुरावा?" अशा घरातली मी आज हे लिहिते आहे. हसा हवं तर. मीही हसले असते.

१९९९ चा उन्हाळा. बारामतीत भिगवण रस्त्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता – आठ मशीन आणि एक खडखडणारा कूलर. शिकवण्याबरोबर दुरुस्तीही करायचे. लोक दारात यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "मेकॅनिक कुठं गेलाय?" मी स्क्रूड्रायव्हर वर करून म्हणायचे, "हा काय, तुमच्यासमोर उभा आहे!"

एका सकाळी लासुर्ण्याहून बापूरावांचा फोन आला. हे साखर कारखान्यात केमिस्ट, माझ्याच क्लासला येऊन गेलेले. पुण्यातल्या एका मित्रानं त्यांना एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिल्या होत्या. मशीन चालू केलं की आधी विचारायचं, कशात जायचंय?

"म्याडम, आता विचारतच न्हाय. सरळ विंडोजमधीच जातंय. लिनक्स गायब हाय."

"कुणी विंडोज पुन्हा टाकलं का?"

"व्हय... मेव्हण्यानं."

मला हसूच आलं. विंडोज पुन्हा टाकलं की ते शेजाऱ्याच्या नावाची पाटी उपटून फेकतं, पण शेजारी घरातच असतो. फ्लॉपीवरून मशीन उठवायचं, पाटी परत लावायची, झालं. "अर्ध्या तासाचं काम," मी म्हणाले, आणि दहाच्या एसटीत बसले.

बाहेरच्याच खोलीत कॉम्प्युटर होता आणि त्याच खोलीत खाटेवर बापूरावांचे वडील, मायाप्पा आबा. एके काळी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जाणारा माणूस. शिमग्यानंतर लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन महिने तोंडातून शब्द नव्हता. डोळे उघडे, छताकडे.

चहा देताना बापूरावांची बायको, शालनवहिनी, हळूच म्हणाली, "ताई, चार दिस झालं, पानीबी चमच्यानं. डाक्टर म्हनलं, जवळच्यांना बोलवून घ्या."

मग बापूरावांनी लिनक्सचं खरं कारण सांगितलं. आबा ओव्या गायचे. रात्रभर गायल्या तरी संपायच्या नाहीत. थंडीत रविवारी-रविवारी बापूरावांनी माईक लावून त्या मशीनमध्ये भरून ठेवल्या. विंडोजचा रेकॉर्डर एका मिनिटात बंद पडायचा – "एका मिनिटात आबांचं खाकरणंबी हुत न्हाय, म्याडम" – म्हणून सगळं लिनक्समध्ये. दुसरी कॉपी नाही. आबांनी स्वतः अजून एकदाही ऐकलं नव्हतं.

"जायच्या आधी त्यांना त्यांचा आवाज ऐकवायचाय. आन् हे गेलं तर आमच्याकडं आबांचं कायच उरत न्हाय." एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी फ्लॉपी घातली, मशीन उठवलं आणि डिस्कचा नकाशा मागवला. पाटीच नाही, भिंतसुद्धा गेली होती! मेव्हण्यानं डिस्कच्या दोन्ही खोल्या – एक विंडोजची, एक लिनक्सची – पुसल्या होत्या आणि विंडोजसाठी नवी, आधीपेक्षा लहान खोली बांधली होती. पुढची सगळी जागा रिकामी दिसत होती.

पण रिकामी म्हणजे खरंच रिकामी नव्हे. ओव्या जिथल्या तिथं होत्या. फक्त लिनक्सची खोली कुठून सुरू होत होती तो आकडा पुसला गेला होता. डिस्कवर ही जागा सिलिंडरमध्ये मोजतात (गॅसचा नव्हे हो). या डिस्कवर सातशे चौऱ्याऐंशी सिलिंडर होते. त्यातला नेमका एक सांगितला तरच दार उघडणार. एकानं चुकलात तरी नाही.

बापूरावांच्या त्या पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "निम्मं-निम्मं केलं असेल... आठवत नाही हो." शाबास!

निम्म्याच्या आजूबाजूचे आकडे एकेक करून लावायला लागले. दर वेळी आकडा टाकायचा, मशीन बंद-चालू करायचं, मग बघायचं. त्यात दोनदा लाइट गेली. तीन तासांत माझ्या वहीत सव्वीस आकडे झाले, सव्वीसच्या सव्वीस खोडलेले. असेच लावत बसले तर दोन-तीन दिवस जाणार होते, आणि आबांकडे तेवढे दिवस होते की नाही कुणाला ठाऊक. बापूराव दर खोडलेल्या आकड्याला माझ्या वहीकडे बघायचे. मला त्या मेव्हण्याला समोर उभं करून चार शब्द सुनावावेसे वाटत होते.

दुपारचे अडीच वाजले असतील, ऊन रणरणत होतं. शालनवहिनी आबांच्या ओठाला चमचा लावत होती. तो चमचा खाली पडला.

"एकोणीस इसाला..."

मी वळून पाहिलं. आबा! मान माझ्याकडे वळलेली, डोळे सरळ माझ्यावर. आवाज खरखरीत होता, पण एकही अक्षर जड नव्हतं.

"एकोणीस इसाला तीन कमी."

"आबा!" बापूराव धावले. "आबा, बोला की! काय म्हनला?" पण आबांनी मान वळवून पुन्हा छताकडे डोळे लावले होते. शालनवहिनी रडायलाच लागली.

"इसा म्हणजे काय?" मी विचारलं.

"ईस म्हंजी वीस, ताई," शालनवहिनी डोळे पुसत म्हणाली. "जुनी मानसं मेंढरं अशीच मोजायची. इसा-इसानं."

"तुमची मेंढरं तेवढी होती का?"

"न्हाय वो," बापूराव म्हणाले. "लई तर पाच इसा."

एकोणीस विसा तीनशे ऐंशी. तीन कमी, तीनशे सत्त्याहत्तर. माझ्या खोडलेल्या सव्वीस आकड्यांत तो नव्हता. मी ३८० च्या वरच घुटमळत होते. काय मनात आलं सांगता येत नाही, पण मी तो टाकला. मशीन बंद. चालू. दोन ओळींची आज्ञा. एंटर.

चूक दाखवली नाही. पडद्यावर नावं उतरली – आबा१, आबा२, आबा३... चौदा फायली.

अंगावर काटा वगैरे आपण उगीच म्हणतो. मला तर थंडीच वाजायला लागली, मे महिन्यात! बापूरावांना वाटलं पुन्हा बिघडलं. "काय झालं म्याडम?" मी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "सापडलं."

पाटी परत लावली. मशीननं पहिल्यासारखं विचारलं, कशात जायचं. लिनक्स उघडलं, स्पीकर खाटेजवळ नेले आणि ओवी लावली. आबांचाच आवाज, भरदार, डोंगरावरून हाळी द्यावी तसा. आबांचा डावा हात गोधडीवर हलायला लागला. ताल धरला होता हो त्यांनी. मी त्या घरात पहिल्यांदाच गेले होते, पण पदर तोंडाला लावून रडले.

शेवटची, चौदावी फाईल लागली. ओवी संपल्यावर बापूराव माईक बंद करायला विसरले होते, त्यामुळे पुढचं बोलणंही भरलं गेलं होतं. आबा विचारत होते, "हे समदं ठिवतूस कुठं?"

"ह्याच्यातच, आबा."

"मग वाघर कुठं लावली ती खूण ध्यानात ठेव बाबा. न्हायतर मेंढरं हुडकत बसशील." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

"ते मशीन ध्यानात ठेवतंय, आबा."

मग आबांचं हसणं, हसता हसता खोकला. "मशीनचा काय भरवसा? ऱ्हाऊ दे. मी ठिवतो ध्यानात."

बापूरावांनी ते शेवटचं बोलणं पुन्हा एकदा लावलं. मी आबांकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. आठव्या दिवशी गेले.

मी खूप डोकं खाजवलं. कुणी तो आकडा त्यांच्यासमोर बोललं असेल? तर खोल्या पुण्यात पाडलेल्या, मशीन तयार होऊनच लासुर्ण्याला आलेलं. पडद्यावर दिसला असेल? आबांना अक्षरओळख नव्हती. वडिलांपुढे वही टाकली. त्यांनी सव्वीस खोडलेले आणि एक गोल केलेला आकडा बघितला, म्हणाले, "योगायोग." मग चष्मा पुसत विचारलं, "त्यांनी सांगितलेला पहिलाच आकडा?" मी हो म्हटलं. पुन्हा त्यांनी पुरावा मागितला नाही.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा, फक्त भूत-प्रेत सांगू नका, ते मला अजूनही पटत नाही. एक सवय मात्र तेव्हापासून लागली. कुणाचंही मशीन उघडलं की खोल्यांचे आकडे कागदावर लिहून आतल्या पत्र्याला चिकटवते. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? मी सांगते, "राहू द्या. ध्यानात ठेवणारं माणूस प्रत्येक घरात नसतं."