बऱ्या माणसाची तपासणी

"गाठ आहे, पण लहान आहे. पसरलेली दिसत नाही. वेळेत आलात," कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले. आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ह्यांच्या पोटात ती गाठ मीच नेऊन ठेवली होती.

सासरे काविळीने गेले, असंच आमच्या घरात सांगत. झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं, माणूस राहिला नाही. मग मुंबईला धाकटी नणंद सुमन पिवळी पडली. तिथे पॅन्क्रियाटिक कॅन्सर निघाला. पॅन्क्रियास म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे दडलेलं, म्हणून दुखणं उशिरा कळतं. गाठीने पित्ताची नळी दाबली की डोळे पिवळे होतात. सासऱ्यांचंही तेच असावं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या भावंडांनी तपासून घ्यावं, असंही त्यांनी बजावलं.

सुमनने अंथरुणातून फोन केला. "दादा, माका उशीर झालो. तू करू नको."

पण हे कसले ऐकतात! "मी बरो आसंय. आंब्यार चढतंय. दवाखान्यात कित्याक जाव?" शेवटी म्हणाले, देवाला कौल लावूया, देव सांगेल तसं करू.

देवळात गुरवाने देवाला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या; जी आधी पडेल, तो देवाचा कौल. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच गाऱ्हाणं घातलं, "देवा, ह्यांका दवाखान्यात सोमवारी न्हेव तर उजवो कौल दी, गुरुवारी न्हेव तर डावो."

डावी पाकळी पडली. देवळाच्या पायरीवर ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "देवाक फसवलंस गो!"

"देवाक नाय, तुमका."

गुरुवारी फोंडाघाट चढून कोल्हापूर येईपर्यंत हे माझ्यावर खेकसत होते. एमआरआय झाला, मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी. बाहेरच्या बाकावर मी देवाची माफी मागत होते आणि त्याच्याशी भांडतही होते.

गाठ काढायला हे कोल्हापूरला दाखल झाले आणि ऑपरेशनच्या आधीच तिकडे मुंबईत सुमन गेली. ह्यांना तिला खांदाही देता आला नाही.

आता जेवताना पचनाच्या गोळ्या लागतात, ठरावीक दिवसांनी तपासणी असते. माणूस वाळलाय, पण खेकसतो पूर्वीसारखाच, आणि मला ते ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्येक कावीळ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण तुमच्या घरात जवळची दोन माणसं अशी गेली असतील, तर आपल्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

परवा रेडी गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. तपासणीचं नाव काढताच तेही म्हणाले, "माका खंय काय होता?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"काय होत नाय तेवांच जावचा असता रे! ये, मी तुझ्या वांगडा येतंय. सुमन माका सांगान गेली, मी तुका सांगतंय."