हास्यक्लब आणि पसरणारं विश्व

विश्व केवढं पसरतंय हे दाखवायला व्याख्यात्यांनी दोन्ही हात वर फेकले, आणि आमचा अख्खा हास्यक्लब हात वर करून खदाखदा हसला. रोज सकाळी बागेत कुसुमताईंनी हात वर केले की हसायचं, हा आमचा नेम. हातांना व्याख्यान कुठे कळतं? सभागृहाचं छत चार बोटं वर उचललं गेलं, हे मी शपथेवर सांगतो.

“निघू या गुपचूप,” नाना पुटपुटले.

“बसा. प्रश्न विचारल्याशिवाय मी हलणार नाही,” कुसुमताई म्हणाल्या. क्लबातून एकेक जण गळत चालला होता आणि क्लब टिकवायचाच, असा त्यांचा हट्ट होता. त्या उभ्या राहिल्या. “सगळंच लांब जातंय, तर आपणही पांगणार का हो?”

आता व्याख्याते हसले. “नाही. जे पुरेसे जवळ असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात.”

एवढा अफाट पसारा, आणि त्यात बागेतला आमचा एक बाक टिकवायचा, तर शेजारी येऊन बसण्याखेरीज दुसरा उपाय नाही, असं मला वाटून गेलं.

कुसुमताई मागे वळल्या. “ऐकलंत ना, नाना? उद्या सकाळी बागेत. गुडघ्याचं कारण चालणार नाही.”